जासई : यादीबाहेरच्या खेळाडूंचे गाव

ज्या घरांचा माल न्हावा-शेवा बंदरातून येतो किंवा जातो, त्या घरांना जासई हे नाव नवे नाही. गोदामाच्या पत्त्यात, वाहतुकीच्या कागदांवर, ट्रकचालकाशी होणाऱ्या बोलण्यात ते वारंवार भेटते. ‘गाडी जासईपाशी थांबली आहे’ हा निरोप मशीद बंदरच्या किंवा वाशीच्या पेढीवर अनेकांनी ऐकलेला असतो. मात्र नाव ठाऊक असणे वेगळे आणि गाव ठाऊक असणे वेगळे. मालाची चौकशी करून परतणारा व्यापारी क्वचितच गाडीतून उतरून या गावाच्या आत शिरतो. शिरला, आणि तो दिवस जानेवारी ते मे या काळातील एखादा रविवार असला, तर त्याला लाउडस्पीकरवरील समालोचनाचा आवाज ऐकू येईल. त्या आवाजाच्या दिशेने चालत गेले, की या पट्ट्याचे खरे जीवन समोर येते.

पनवेलहून उरणकडे जाताना गव्हाण फाटा मागे पडला, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना कंटेनरच्या थप्प्या दिसू लागतात. त्यांच्यामधूनच दास्तान फाट्याजवळ जासई गाव लागते. शासकीय नोंदीत ते रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात आहे आणि नियोजनाच्या नकाशात नवी मुंबईत. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडीकडे उतरत जाणारी खार जमीन, आणि मध्ये आगरी समाजाची जुनी वस्ती, अशी त्याची ठेवण आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू खुला झाला. सुमारे २२ किलोमीटर लांबीच्या या पुलाचे अलीकडचे टोक शेजारच्या चिर्ले गावाजवळ उतरते. त्याच दिवशी खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत लोकलही सुरू झाली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या गावाला मुंबई खाडीपलीकडून केवळ दिसत होती, त्या गावाच्या दारात ती आता येऊन उभी राहिली आहे.

यादी आणि गाव

जासईचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर तो याद्यांचा इतिहास आहे. पूर्वी हा पट्टा भाताचा आणि मिठाचा. समुद्राचे पाणी बांधांनी अडवायचे, उघाडीतून ते सोडायचे, गोड्या पाण्यावर भात घ्यायचे आणि खाऱ्या पाण्यातून मीठ काढायचे, हा येथला क्रम होता. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाच्या यादीत आल्या. जमिनी यादीत आल्या. त्या कसणारी माणसे मात्र नव्या शहराच्या लाभाच्या यादीत नव्हती.

या अन्यायाविरुद्ध उभे राहिलेले नेते दि. बा. पाटील हे मूळचे जासईचेच. १३ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. पेशाने ते वकील. पनवेलमधून पाच वेळा विधानसभेवर आणि कुलाबा मतदारसंघातून दोनदा लोकसभेवर ते निवडून गेले. १६ व १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत त्यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. पहिल्या दिवशी जासईच्या दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी नवघर फाट्यावर पोलिसांचा गोळीबार झाला. पाच शेतकरी हुतात्मा झाले. या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना आकाराला आली. दर वर्षी १६ जानेवारीला जासई येथे पंचक्रोशीतील लोक एकत्र येऊन हुतात्म्यांना अभिवादन करतात.

जासईच्या मैदानावर काय चालते, हे समजण्यासाठी हा इतिहास ठाऊक असावा लागतो. आपल्याच जमिनीवर उभ्या राहणाऱ्या शहरात आपले नाव नाही, हा अनुभव ज्या गावाने घेतला आहे, ते गाव यादीबाहेर राहिलेल्या खेळाडूकडे निराळ्या डोळ्यांनी पाहते.

धसकटांवरचे मैदान

दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी उरकते. उरलेली धसकटे काढली जातात, बांध मोडून दोन-तीन खाचरे एक केली जातात, मधल्या पट्टीवर पाणी मारून ती चोपली जाते आणि जानेवारी उजाडेपर्यंत शेताचे मैदान झालेले असते. उरण-पनवेल पट्ट्यात टेनिस चेंडूचे क्रिकेट हा केवळ मुलांचा विरंगुळा नाही. गावकीच्या, देवस्थानच्या किंवा एखाद्या मंडळाच्या नावाने स्पर्धा भरतात. कापडी मंडप पडतो. चषक ओळीने मांडले जातात. मोठ्या स्पर्धांत रोख बक्षिसांसोबत मोटारसायकलही ठेवलेली असते. सामना थोड्याच षटकांचा असतो. त्यामुळे एका दिवसात अनेक संघ खेळून जातात आणि प्रेक्षक सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून राहतात. अलीकडे या सामन्यांचे थेट प्रक्षेपण मोबाइलवर पाहणारेही पुष्कळ आहेत.

या संघांची रचना पाहण्यासारखी असते. काही स्पर्धा केवळ गावच्या रहिवाशांसाठी असतात. खुल्या स्पर्धांत मात्र बाहेरचे नामांकित खेळाडू मानधन देऊन आणले जातात. कोणी लांब षटकार मारण्यासाठी प्रसिद्ध, कोणी शेवटचे षटक टाकण्यासाठी. त्यांच्या नावाची आधी जाहिरात होते. उरलेल्या जागा गावची मुले भरतात, आणि त्यांच्याही मागे दोन-चार मुले अशी असतात की ज्यांना कोणी बोलावलेले नसते. ती रोज सरावाला येतात, चटई अंथरतात, चेंडू शोधून आणतात, पाणी देतात, कोणी जखमी झाला तर धावत जाऊन त्याच्या जागी उभी राहतात. जाहीर केलेल्या संघात त्यांचे नाव नसते. ती असतात एवढेच.

क्रिकेटच्या नियमांतही अशा खेळाडूचे स्थान अवघडच आहे. बदली खेळाडू क्षेत्ररक्षण करू शकतो. त्याला फलंदाजी किंवा गोलंदाजी करता येत नाही. त्याने झेल घेतला तरी त्याच्या स्वतःच्या कारकिर्दीच्या हिशेबात सामना जमा होत नाही. १९८३ मध्ये अहमदाबादला वेस्ट इंडीजविरुद्धच्या कसोटीत गुरशरण सिंग या बदली खेळाडूने चार झेल घेतले. कसोटी क्रिकेटमध्ये बदली खेळाडूने असा पराक्रम तोपर्यंत केला नव्हता. तरीही स्वतःच्या नावाने कसोटी खेळण्यासाठी त्याला १९९० पर्यंत थांबावे लागले, आणि तीच त्याची एकमेव कसोटी ठरली.

प्रेक्षक काय मागतो?

सीमारेषेवर बसलेला प्रेक्षक मानधन घेणाऱ्या खेळाडूकडून काय मागतो, हे उघड आहे. तो रोकड व्यवहार असतो. पैसे मोजले आहेत, तर षटकार दिसला पाहिजे. दोन सामने तो अपयशी ठरला, तर पुढच्या स्पर्धेत त्याच्या जागी दुसरे नाव येते. यात कोणाला दुःख नाही आणि कोणाचा अपमानही नाही.

पण ज्याने काही घेतलेच नाही, त्याच्याकडून काय मागायचे? येथे प्रेक्षकांच्या अपेक्षा तीन पायऱ्यांनी वाढताना दिसतात.

पहिली अपेक्षा साधी असते. त्याने आलेली संधी वाया घालवू नये, म्हणजे झेल सोडू नये, धाव घेताना गोंधळ करू नये, ओला चेंडू हातातून निसटू देऊ नये. ही मागणी रास्त आहे. कोणत्याही दुकानात नव्याने आलेल्या मुलाकडून सुरुवातीला हेच मागितले जाते : विक्री वाढली नाही तरी चालेल, पण मोजमाप चुकू नये.

दुसरी अपेक्षा प्रेमाची असते. हा आमच्यातला आहे, म्हणून याने मैदानावर दिसावे, एवढेच लोकांना हवे असते. बाहेरच्या खेळाडूच्या षटकाराला टाळ्या पडतात. गावच्या राखीव मुलाने एक धाव काढली तर त्याहून मोठा गलका होतो. समालोचक त्याच्या नावासोबत त्याच्या वडिलांचे आणि आळीचे नाव उच्चारतो. त्या क्षणी मैदानाच्या कडेला उभी असलेली आई, काकू, शेजारीण या सर्वजणी जणू त्याच्याबरोबर एक धाव धावतात. ही अपेक्षा त्या मुलावर ओझे टाकत नाही. उलट त्याला आधार देते.

तिसरी अपेक्षा मात्र सांभाळून ठेवावी अशी आहे. ती चमत्काराची अपेक्षा असते. या मुलाने एक दिवस सगळ्यांना मागे टाकावे, मोठ्या संघात जावे, दूरदर्शनवर दिसावे आणि दार सर्वांसाठी उघडे असल्याचे सिद्ध करावे, असे प्रेक्षकाला वाटू लागते. वाटण्यात गैर काही नाही. पण मुलाने हे मनावर घेतले, तर त्याची किंमत प्रेक्षक मोजत नाही; ती त्या मुलाचे घर मोजते.

या किमतीचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. टेनिस चेंडूच्या स्पर्धांचा भर जानेवारी ते मे या महिन्यांत असतो. दहावी-बारावीच्या परीक्षा नेमक्या फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. टेनिस चेंडूवर कमावलेले कौशल्य चामड्याच्या चेंडूवर जसेच्या तसे चालत नाही; उसळी निराळी, वेग निराळा, बॅटचे वजन निराळे. चामड्याच्या चेंडूच्या वाटेला लागायचे तर साहित्याचा खर्च, क्लबची नोंदणी आणि वयोगटांच्या निवड चाचण्या पार कराव्या लागतात. त्या चाचण्या लहान वयातच सुरू होतात. गावातील मुलाला त्यांची माहिती मिळेपर्यंत वय निघून गेलेले असते. त्यात जासईची आणखी एक गंमत आहे. अटल सेतूवरून मुंबई आता हाकेच्या अंतरावर असली, तरी रायगड जिल्ह्याचे क्रिकेट पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडे आहे. म्हणजे खाडीपलीकडे दिसते ते शहर एक, आणि ज्या यादीत नाव लागायचे ती यादी दुसऱ्याच शहरात.

मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव मैदानावर इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग ही दहा षटकांची, टेनिस चेंडूची स्पर्धा सुरू झाली. गल्लीतल्या खेळाडूला प्रथमच मोठे मैदान, करार आणि दूरदर्शन मिळाले. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण पहिल्या वर्षी त्यात केवळ सहा संघ होते आणि त्या मोजक्या जागांसाठी देशभरातील मुले चाचण्यांना आली. दार उघडले हे खरे. दाराची रुंदी किती, हेही मुलाला सांगायला हवे.

अमेरिकेतील ‘वॉक-ऑन’

ज्या कुटुंबांतील मुले शिक्षणासाठी अमेरिकेत गेली आहेत, त्यांनी तेथील विद्यापीठांच्या फुटबॉलचे वेड पाहिले असेल. शनिवारी सामना असला, की गावच्या गाव रिकामे होते आणि मैदानात लाखभर माणसे बसतात. तेथेही दोन प्रकारचे खेळाडू असतात. एकाला विद्यापीठ शोधून आणते आणि शिष्यवृत्ती देते. दुसरा स्वखर्चाने शिकतो, चाचणी देऊन संघात शिरतो आणि बहुधा सरावातच खपतो. त्याला ‘वॉक-ऑन’ म्हणतात. न बोलावता चालत आलेला, एवढाच त्याचा अर्थ. अनेक वर्षे वरच्या श्रेणीतील संघाला ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि उरलेला संघ अशा मुलांनी भरत असे. २०२५ मध्ये न्यायालयीन तडजोडीनंतर शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि त्याऐवजी तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांतील संघांची एकूण संख्याच १०५ वर आणली गेली. त्यामुळे न बोलावता येणाऱ्या मुलांच्या जागा कमी होतील, अशी चिंता तेथे व्यक्त झाली.

तेथील प्रेक्षकांच्या मनातही चमत्काराची तीच ओढ असते. बेकर मेफील्ड हा खेळाडू आधी टेक्सास टेकमध्ये आणि मग ओक्लाहोमामध्ये असाच न बोलावता गेला. २०१७ मध्ये त्याला विद्यापीठ फुटबॉलचा सर्वोच्च मानला जाणारा हाइजमन पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी व्यावसायिक संघांच्या निवडीत तो पहिला निवडला गेला. ही कथा खरी आहे. पण त्याच वर्षी शेकडो ‘वॉक-ऑन’ मुले प्रतिस्पर्ध्याची नक्कल करून मुख्य संघाला सराव देत होती आणि पदवी घेऊन घरी जात होती. त्यांच्यावर कथा झाल्या नाहीत. तरीही त्यांच्याविना शनिवारचा एकही सामना उभा राहिला नसता. प्रेक्षक मेफील्डची कथा पुनःपुन्हा सांगतो आणि प्रत्येक नव्या मुलाकडे तिच्याच मोजपट्टीने पाहू लागतो.

मुंबईच्या मैदानांवरून

खाडीच्या पलीकडचे मुंबई शहर अशा खेळाडूंच्या बाबतीत अमेरिकेहून मागे नाही. एकनाथ सोलकर यांचे वडील पी. जे. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करीत. त्या मैदानाच्या कडेला वाढलेल्या मुलाने २७ कसोटी सामन्यांत ५३ झेल घेतले. फलंदाजाच्या अगदी जवळ, जेथे उभे राहायला धाडस लागते, ती जागा त्यांनी आपली केली.

पद्माकर शिवलकर यांची कथा दुसऱ्या वळणाची. १२४ प्रथमश्रेणी सामन्यांत ५८९ बळी घेणाऱ्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाला भारताकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. बिशनसिंग बेदी त्याच काळात संघात होते. ३ मार्च २०२५ रोजी शिवलकर निवर्तले. मुंबईच्या रसिकांनी त्यांना अखेरपर्यंत आपल्या मोठ्या गोलंदाजांत गणले. यादीत नाव आले नाही म्हणून माणसाची पत उतरत नाही, हे मुंबईच्या प्रेक्षकाने येथे दाखवून दिले.

प्रवीण तांबे यांचे नाव तर अनेकांना चित्रपटामुळे ठाऊक आहे. वयाच्या ४१ व्या वर्षापर्यंत ते क्लबच्या आणि कार्यालयीन संघांच्या सामन्यांत खेळत राहिले. प्रथमश्रेणी सामना एकही नाही. २०१३ मध्ये राजस्थान रॉयल्सने त्यांना आयपीएलमध्ये उतरवले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते मुंबईकडून रणजी खेळले. या कथेत चमत्कार शोधणाऱ्यांनी तिचा पहिला भागही पाहावा. दोन दशके हा माणूस नोकरी आणि संसार सांभाळून खेळत होता. आयपीएल आले नसते, तरी त्याचे घर उभे राहिले असते.

नेरुळची रात्र

जासईजवळून जाणारी उरणची लोकल उलट दिशेने नेरुळला पोहोचते. त्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ रोजी महिलांच्या एकदिवसीय विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. यादीबाहेरच्या खेळाडूचे सुख-दुःख त्या एका रात्रीत जितके एकवटले, तितके क्वचितच एकवटते.

शफाली वर्मा या स्पर्धेसाठी निवडलेल्या पंधरा जणींत नव्हती. २६ ऑक्टोबरला याच मैदानावर बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना सलामीची फलंदाज प्रतिका रावल हिचा पाय दुखावला आणि तिच्या जागी शफालीला बोलावणे गेले. उपांत्य सामन्यात ती दहा धावांवर बाद झाली. अंतिम सामन्यात मात्र तिने ८७ धावा केल्या आणि दोन बळीही घेतले. भारताने ७ बाद २९८ धावा केल्या, दक्षिण आफ्रिकेचा डाव २४६ धावांत संपला, आणि ५२ धावांनी भारताने महिलांचा पहिला विश्वचषक जिंकला. सामन्यातील सर्वोत्तम खेळाडू ठरली ती आठवड्यापूर्वी यादीत नसलेली शफाली.

त्याच मैदानावर चाकांच्या खुर्चीवर बसून प्रतिका रावल सहकाऱ्यांच्या आनंदात सामील झाली. तिने न्यूझीलंडविरुद्ध शतक केले होते आणि संघाला उपांत्य फेरीपर्यंत आणण्यात तिचा मोठा वाटा होता. पण नियमाप्रमाणे पदके अंतिम यादीतील पंधरा जणींनाच मिळतात. त्या रात्री तिच्या गळ्यात पदक पडले नाही. पुढे ते तिला मिळाले. एकीचे नाव यादीत आले म्हणून दुसरीचे गेले, आणि दोघींनी मिळून चषक जिंकला.

या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शिल्डच्या सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला शाळकरी मुलगा तोच. त्याची पाळी आलीच नाही. पुढे मुंबईकडून रणजी पदार्पणातच त्याने २६० धावा केल्या, प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये अकरा हजारांहून अधिक धावा जमवल्या, आणि तरीही भारताच्या संघात त्याला एकदाही स्थान मिळाले नाही. ३७ वर्षांपूर्वी पॅड बांधून थांबलेल्या त्या मुलाने नेरुळला विश्वचषक उंचावलेला पाहिला, तो सीमारेषेबाहेरून.

चमत्काराची अपेक्षा करणाऱ्याला या रात्री शफाली दिसते. थोडे थांबून पाहणाऱ्याला तिच्याबरोबर प्रतिकाही दिसते आणि मुझुमदारही. खेळाचे पूर्ण चित्र तिघांना मिळून होते.

मैदान उरेल तर

आता पुन्हा जासईच्या शेताकडे. गेल्या काही वर्षांत या पट्ट्यात बदल वेगाने झाले आहेत. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाल्यापासून खार जमिनीवर गोदामे आणि कंटेनरची आवारे वाढत गेली. त्यामागून पूल आला, लोकल आली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याला दि. बा. पाटलांचे नाव मिळावे म्हणून जून २०२१ मध्ये या गावांतील लोकांनी मानवी साखळी केली होती आणि सिडकोवर मोर्चा नेला होता. या विकासाचा लाभ व्यापारी कुटुंबांना होतो, तसा येथील तरुणांनाही काही प्रमाणात होतो. पण जे खाचर कापणीनंतर मैदान होत असे, त्यावर एकदा काँक्रीट पडले की कापणीही नाही आणि मैदानही नाही.

न बोलावलेल्या मुलाचे सर्वांत मोठे नुकसान येथे आहे. ज्याला अकादमीने निवडले, त्याच्यासाठी अकादमीचे मैदान असते. ज्याला कोणी निवडले नाही, त्याला मोकळे शेतच हवे असते. कारण तेथे प्रवेशासाठी यादी लागत नाही. सोलकरांना जिमखान्याची कडा मिळाली नसती, तर ते ५३ झेल कोठून आले असते?

या स्पर्धांच्या मंडपात लावलेले फलक वाचले, तर त्यांत किराणा, कापड, हार्डवेअर, सराफी अशा दुकानांची नावे दिसतात. गावच्या बाजारपेठेने चषक द्यायचा, हा महाराष्ट्रभर चालत आलेला रिवाज आहे. तो देणाऱ्यांच्या मनात आले, तर प्रेक्षकांच्या अपेक्षांना थोडे वळण लावता येईल. एका चषकाच्या खर्चात एखाद्या मुलाची चामड्याच्या चेंडूची बॅट येते. एका फलकाच्या खर्चात निवड चाचणीचा प्रवास भागतो. परीक्षेच्या दोन महिन्यांत शाळकरी मुलांचे सामने ठेवू नयेत, ही अट चषक देणारा घालू शकतो. ज्या आवाराच्या मालकाकडे एकर-दोन एकर मोकळे पडून आहे, तो रविवारपुरते ते मुलांना देऊ शकतो. यातले काहीही दान म्हणून करण्याची गरज नाही. ज्या भूमीवरून आपला माल रोज ये-जा करतो, त्या भूमीशी असलेल्या देण्या-घेण्याचा तो भाग आहे.

आणि ज्याच्याजवळ देण्यासारखे काही नाही, तो निदान पाहण्याची रीत बदलू शकतो. राखीव मुलाकडून त्याने हजेरी मागावी, निष्ठा मागावी, झेल मागावा. चमत्कार मागू नये. आला तर तो दोन्ही हातांनी घ्यावा. सामना संपल्यावर चषकाभोवती गर्दी होते, छायाचित्रे निघतात, मानधनाचे खेळाडू गाडीत बसून पुढच्या गावाला निघतात. तेव्हा मैदानात चटई गुंडाळणारी, खुंट उपटणारी दोन-तीन मुले मागे उरतात. समालोचकाचा ध्वनिक्षेपक अजून चालू असतो. काही गावांत तो बंद करण्यापूर्वी त्या मुलांची नावे एकेक करून घेतली जातात, वडिलांच्या आणि आळीच्या नावासह. जेथे ही पद्धत नसेल, तेथे ती सुरू करायला एक मिनिट पुरते.